दात्याच्या बाजूने थांबलंय

तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही सांगितलं नाही. आरोप एवढाच. चकचकीत फरशीच्या, गार हवेच्या, मुलाखतीच्या खोलीत टेबलावर कागदी रुमालांचं खोकं मांडून ठेवणाऱ्या मोठ्या हॉस्पिटलवाल्यांनो, तुमची यंत्रं उत्तम आहेत. तुमच्या सुयासुद्धा बऱ्यापैकी कमी दुखतात. माणसाच्या पोटातली किडनी तुम्हाला बाहेरून दिसते, तिच्यात शिरणाऱ्या रक्तवाहिन्या तुम्ही रंग सोडून बघता. पण समोर बसलेल्या बाईला दोन साधी वाक्यं सांगायची वेळ आली की तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसतात. काय सांगितलं नाही म्हणता? तेच तर सांगायचंय. बसा. बाहेरच्या त्या लोखंडी खुर्च्यांवरच बसा. किती टोचतात ते तुम्हालाही कळू दे.

गोष्ट मास्तरांची आहे. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. चौकाजवळच्या गाळ्यात त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल. आत टेबल, खुर्च्या आणि भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता. बाहेर एक पांढरी गाडी, जिच्यात शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक जादा ब्रेक आणि क्लच. त्या जादा ब्रेकवर मास्तरांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. समोर काय येतंय ते त्यांच्या तळपायाला डोळ्यांच्या आधी कळायचं, असं त्यांची बायको म्हणायची. बायकोच गाळ्याचा कारभार बघायची, आणि मास्तरांचाही.

मास्तरांची ख्याती एकच होती. त्यांच्याकडे शिकलेला माणूस पहिल्या फटक्यात पास. गाडी यायला पुढे वर्ष लागो, परीक्षेत पास. कारण मास्तर गाडी शिकवायचे ते ठीक, पण परीक्षा त्याहून झकास शिकवायचे. परीक्षक कधी बघतो, कधी लिहितो, कशाने खूश होतो, सगळं त्यांना पाठ. "आरशात बघायचं तर मान वळवून बघा हो," ते ओरडायचे. "नुसते डोळे फिरवलेत तर त्या बिचाऱ्याला कसं कळणार तुम्ही बघितलंत ते!"

तर अशा माणसाच्या किडन्या बसल्या. एक नाही, दोन्ही. रक्तदाबाने आतल्या आत कुरतडून ठेवल्या होत्या आणि मास्तरांना पत्ता नव्हता. मग आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसचं मशीन. हातातली शीर ऑपरेशन करून फुगवलेली. तिच्यावर बोट ठेवलं तर आत मांजर गुरगुरल्यासारखं वाटायचं. पाणी मोजून. मीठ जवळजवळ बंद. तहान लागली की बर्फाचा खडा चघळायचा आणि दुसऱ्याच्या ग्लासकडे बघायचं नाही.

मोठे डॉक्टर म्हणाले, "नवी किडनी मिळाली तर बरं. घरातलं कोणी देणारं आहे?"

बायको खुर्चीवरून उठलीच. पण पहिल्याच तपासणीत तिला शुगर निघाली आणि ती बाद झाली. घरी येऊन ढसाढसा रडली.

"रडतेस काय," मास्तर म्हणाले. "पहिल्याच वळणावर बंद पडलीस, एवढंच."

"तुम्हाला चेष्टा सुचते!"

"मग काय तुझ्यासारखं रडू? माझं पाणी मोजून असतं, अगं. रडायला परवडत नाही."

राहिली ताई. ताई मास्तरांची थोरली बहीण. दोन गल्ल्या पलीकडे तिचं कपडे लहानमोठे करून देण्याचं दुकान. कोणाची पँट आखूड, कोणाचा झगा सैल. दिवसभर ताईच्या ओठांत टाचण्या, आणि टाचण्या काढल्या की टोमणे. मास्तरांना ती अजूनही "ढब्बू" म्हणायची. लहानपणी ते गुबगुबीत होते. आता गालफडं बसली होती, पण नाव काही उतरलं नव्हतं.

तिला कोणी विचारायच्या आधीच ती गाळ्यात येऊन उभी राहिली. "माझी घे."

"काय?"

"काय म्हणजे? शिलाई मशीन मागतोयस का माझं? किडनी घे. दोन आहेत. एक काय मी सोबत बांधून नेणार आहे?"

मास्तरांनी टेबलावरचा काचेचा गोळा सरळ केला, परत वाकडा केला. मग म्हणाले, "चहा घेणार?"

"तू पिणार नाहीस, मग मी एकटी तुझ्यासमोर ढोसू? चल, मला दुकान उघडायचंय."

एवढंच बोलणं झालं. त्यापुढे या विषयावर भावाबहिणीत जे काही बोलणं झालं ते सगळं परीक्षेच्या तयारीचं.

हॉस्पिटलात ताईचं नाव नोंदवताना मास्तर शेजारीच उभे होते. फोन नंबर विचारला तर त्यांनी आपलाच दिला. विद्यार्थ्यांच्या अर्जावरही ते गाळ्याचाच नंबर घालायचे. परीक्षेची तारीख आधी मास्तरांना कळली पाहिजे, हा त्यांचा नियम. शिवाय ताईचा फोन दोऱ्याच्या रिळांच्या खणात पडलेला असायचा. वाजला की ती म्हणायची, "वाजू दे, दमेल आपोआप."

रक्तगट जुळला. बाकीचंही जुळलं. ताईच्या नळ्या, वाहिन्या, सगळं फोटोत सुबक निघालं. मग एक दिवस या सगळ्याची जुळवाजुळव बघणाऱ्या को-ऑर्डिनेटर बाईंनी सांगितलं, "पुढच्या आठवड्यात मनाच्या डॉक्टरांकडे मुलाखत आहे. तुमच्या बहिणीची, एकटीची."

"मुलाखत कशासाठी?"

"रूटीन असते," बाई म्हणाल्या आणि त्यांचा फोन वाजला.

रूटीन! तुम्ही एक शब्द फेकलात आणि मोकळे झालात. का असते, त्यात काय बघतात, चुकलं तर काय होतं, काही नाही. मास्तरांच्या हातात एकच गोष्ट पडली: मुलाखत. म्हणजे समोर कोणीतरी बसणार, प्रश्न विचारणार, लिहून घेणार. म्हणजे परीक्षक! आणि परीक्षक म्हटलं की मास्तरांना दुसरं काही सुचायचं कारणच नव्हतं.

त्या रविवारी त्यांनी ताईला सरावाच्या मैदानावर नेलं. मैदान मोकळं होतं. केशरी शंकू एका बाजूला रचून ठेवले होते. गाडी उभी केली, ताईला चालकाच्या जागेवर बसवलं, आपण शेजारी. हातात पट्टी.

"तुम्ही हे का करताय?"

"अरे, तुला नको का किडनी?"

"ताई! मी डॉक्टर आहे आत्ता. नीट उत्तर दे."

"भाऊ आहे म्हणून."

"लहान पडतं. 'मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, भावाच्या प्रेमापोटी हा निर्णय घेतला आहे.' म्हण."

"असं कोण बोलतं रे ढब्बू? वर्तमानपत्रसुद्धा इतकं वाईट बोलत नाही."

"म्हण तू."

ताईने म्हटलं. मास्तर पुढे सरकले. "भीती वाटते का?"

"वाटते की."

पट्टी डॅशबोर्डवर खाडकन वाजली. "नापास!"

"अरे, पण वाटते."

"वाटते ती पोटात ठेव. परीक्षकाला कचरलेलं दिसलं की तो लिहितो. चढावर गाडी थोडी जरी मागे आली की खलास. समोर बघायचं आणि ठणठणीत सांगायचं: नाही. परत. भीती वाटते का?"

"नाही."

"थोडीसुद्धा?"

"थो... नाही."

"अडखळलीस! परत."

दुपार उतरेपर्यंत हे चाललं. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करायचे. ते मैदानाच्या कडेला उभे राहून सफरचंद खात होते. मितभाषी माणूस. शेवटी एवढंच म्हणाले, "मास्तर, तिला घरी नेऊ का, की मैदानाला चार फेऱ्या मारून येते?" ताई इतकी हसली की तिचा हात हॉर्नवर पडला आणि झाडावरचे पक्षी उडाले. खरं सांगायचं तर तो दिवस मजेत गेला. कितीतरी दिवसांत मास्तरांच्या डोक्यात मशीन आलं नव्हतं.

मुलाखत छान झाली. म्हणजे ताई बाहेर आली ती मान ताठ ठेवूनच. "सगळं सांगितलं. त्याचा प्रश्न संपायच्या आधी माझं उत्तर तयार! एकदाही अडखळले नाही."

"भीतीचं विचारलं?"

"दोनदा विचारलं. दोनदा नाही म्हणून सांगितलं. हसला आणि लिहून घेतलं."

"हसला? मग झालंच," मास्तर म्हणाले. खालच्या कँटीनमध्ये त्यांनी अर्धा कप चहा घेतला आणि उरलेला अर्धा ताईला दिला. त्यांच्या दृष्टीने निकाल लागला होता.

तुमच्या दृष्टीनेही लागला होता. फरक एवढाच की तो तुमच्याजवळ राहिला.

पुढे काय झालं? काही नाही. आणि काही न होणं इतक्या प्रकारचं असतं हे मास्तरांना तेव्हा कळलं. काउंटरवर विचारलं तर "प्रोसेसमध्ये आहे." मशीनजवळच्या सिस्टरना विचारलं तर "वरच्या मजल्यावर विचारा." वरच्या मजल्यावर विचारलं तर "समितीकडे आहे." समिती कुठे बसते विचारलं तर लोक असे बघायचे की जणू मास्तरांनी वाऱ्याचा पत्ता विचारला. कोणी उद्धट बोललं नाही. तेच तर वाईट. उद्धट बोलले असते तर भांडता आलं असतं.

घरात तर्कांना ऊत आला. बायको म्हणाली, ताईंचं वजन आडवं आलं असणार. लगेच ताईचं रोज संध्याकाळी चालणं सुरू. भाऊजी म्हणाले, ब्लड प्रेशर असेल. ताईच्याही ताटातलं मीठ गेलं. ताई म्हणाली, "माझी किडनी वापरलेली आहे म्हणून नको असेल त्यांना. नवी कोरी कुठून आणू?" अळणी जेवण जेवत, धापा टाकत सगळं घर एका अशा आजारावर उपाय करत होतं जो कोणालाच नव्हता.

मधेच फोन यायचे. गाळ्यात, विद्यार्थ्यांच्या गर्दीत.

"ताई आहेत का?"

"मी भाऊ बोलतोय त्यांचा. हॉस्पिटल ना? बोला ना, मीच पेशंट."

पलीकडे को-ऑर्डिनेटर बाई. "नको... काही नाही. नंतर करते."

आणि ठेवून द्यायच्या. काही नाही म्हणाल्या म्हणजे काही नसेल, असं समजून मास्तर क्लचकडे वळायचे. असे तीन-चार फोन आले. एकदाही त्या बाईंनी म्हटलं नाही की बहिणीचा वेगळा नंबर द्या. एकदाही मास्तरांना सुचलं नाही, आणि त्यांना तरी का सुचावं?

मग एके दिवशी काउंटरवरच्या मुलीने पडद्यावर बघून सांगितलं, "दात्याच्या बाजूने थांबलंय."

"म्हणजे काय?"

"इथे एवढंच दिसतंय, काका."

मास्तर मशीनवर जाऊन पडले. नळ्यांतून रक्त बाहेर जाऊन परत येत होतं, आणि ते तीन शब्द डोक्यात फिरत होते. दात्याच्या बाजूने. दाता कोण? ताई. म्हणजे ताईने थांबवलंय! आत जाऊन हळूच सांगितलं असणार, नको म्हणून. मुलाखत एकटीची होती ती उगाच नाही. आणि वर रोज चालायला जाते, मीठ सोडते, नाटक करते. पाचच मिनिटांत मास्तरांनी बहिणीवर अख्खा खटला चालवला आणि शेवटी तिला सोडूनही दिलं. तिचंच शरीर, तिचीच मर्जी. मागून मिळणारी गोष्ट आहे का ही? पण मला सांगायचं तरी!

विचारायचं मात्र नाही. कसं विचारणार? 'ताई, तू किडनी द्यायचं टाळतेयस का?' जीभ रेटेना. त्यांनी ताईच्या दुकानावरून जायचं सोडलं. ती गाळ्यात आली की "ये, बस" म्हणायचे, पाहुण्याला म्हणतात तसं. आणि गंमत बघा, ताईही बदलली होती. "तब्येत कशी आहे?" विचारायची. जन्मात तिने ढब्बूला तब्येत विचारली नव्हती. कान ओढून "मरतोस काय रे" म्हणायची. दोन माणसं एकमेकांशी इतकी सभ्य वागू लागली की घरात बसवेना.

शेवटचा झटका एका मंगळवारी सकाळी बसला. आदल्या दिवशी मशीनवर अंगातलं पाणी जरा जास्तच काढलं होतं. गाडीत एक निवृत्त मुख्याध्यापिका शिकायला होत्या. त्या इतका आधीपासून ब्रेक दाबायच्या की मागचे लोक हॉर्न वाजवून बेजार. मास्तर त्यांना रोज म्हणायचे, "बाई, घाबरू नका. मी आहे ना, माझ्याकडेही ब्रेक आहे." त्या दिवशी वळणावर एक सायकलवाला आडवा आला. मास्तरांना तो दिसला. पाय उचलायचा ठरवला. पाय उचललाच गेला नाही. डोळ्यांपुढे आधी पांढरं, मग काळं.

मुख्याध्यापिकाबाईंनी सवयीप्रमाणे ब्रेक कधीच दाबला होता.

सायकलवाला शिव्या देत निघून गेला. बाईंनी गाडी कडेला घेतली, अगदी नियमात, मान वळवून आरशात बघून. मग पाण्याची बाटली पुढे केली. मास्तर म्हणाले, "दोन घोट चालतील," आणि ते दोन घोटही शर्टावर गेले.

घरी आल्यावर त्यांनी गाडीची किल्ली बायकोच्या हातात दिली. शिकवणं बंद. भिंतीवरचा तक्ता, बाहेर उभी गाडी आणि खुर्चीत रिकामे बसलेले मास्तर. बायकोने किल्ली फळीवर ठेवली. चपला घातल्या आणि तडक ताईच्या दुकानात गेली. संध्याकाळी ताईचा निरोप आला: ढब्बूला म्हणावं, आत्ताच्या आत्ता ये.

मास्तर गेले. ताई जमिनीवर बसून कोणाच्या तरी कोटाची खालची कड टाचत होती. ओठांत टाचण्या. मास्तर स्टुलावर बसले.

"कशी आहेस?" मास्तर म्हणाले.

ताईने एकेक टाचणी काढून उशीत खोचली. सगळ्या संपल्यावर वर बघितलं. "मेल्या, गाडीत बेशुद्ध पडलास आणि मला 'कशी आहेस' विचारतोस? काय लपवतोयस माझ्यापासून?"

"मी? मी लपवतोय?"

"मग कोण? मी त्या काउंटरवर जाऊन विचारलं तर ती पोरगी म्हणते, पेशंटशी बोला. म्हणजे तुझंच काहीतरी निघालंय. हृदय का? सांग ना! मी काय परकी आहे?"

मास्तर स्टुलावरून उठले. "मला म्हणाली दात्याच्या बाजूने थांबलंय! मला वाटलं तू... तुला नकोय. मग तसं सांग ना सरळ, ताई. भीती वाटत असेल तर वाटते म्हण. मी काही बोलणार नाही."

ताईचा चेहरा लाल झाला. हातातला कोट तिने फेकला तो थेट भाऊजींच्या अंगावर गेला. ते कोपऱ्यात शांतपणे तिच्या मशीनला तेल घालत होते.

"वाटतेच मला भीती! पहिल्या दिवसापासून वाटते! मैदानावर सांगितलं तर पट्टी आपटून तूच नापास केलंस मला!"

 भाऊजींनी डोक्यावरचा कोट काढला, घडी घातली. म्हणाले, "मला वाटतं, तुम्ही दोघांनी एकत्र जाऊन विचारावं." आणि परत तेल घालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं को-ऑर्डिनेटर बाईंच्या टेबलासमोर उभी. बाई फोनवर होत्या. ताईने समोरची खुर्ची ओढली, बसली, आणि पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली. फोन आपोआप संपला.

"आमचं का थांबलंय?"

"ते... दात्याची माहिती गोपनीय असते. पेशंटसमोर बोलता येत नाही."

"दाता मीच. मी परवानगी देते. बोला."

"तुमच्याशी एकटीशी बोलायला हवं होतं. आम्ही किती फोन केले तुम्हाला!"

"मला? माझा फोन तर रिळांत पडलेला असतो. कोणत्या नंबरवर?"

बाईंनी पडद्यावरून नंबर वाचला. शेवटचे आकडे उच्चारेपर्यंत मास्तरांचा हात आपल्या खिशाकडे गेला होता. "तो माझा आहे," ते म्हणाले.

"हो ना! दर वेळी हेच उचलायचे. यांच्याशी कसं बोलणार? म्हणून राहिलं."

"राहिलं," ताई म्हणाली. "अहो, या दिवसांत मी चार वेळा तुमच्या काउंटरवर येऊन गेले. अख्खी मी. हाडामांसाची. तेव्हा कोणी हात धरून बाजूला नेलं असतं तर?"

बाईंनी पेन उघडलं, बंद केलं. मग हळू आवाजात सांगितलं. मनाच्या डॉक्टरांना ताईंची उत्तरं पढवलेली वाटली. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर, तेही एकाच सुरात. मोठ्या ऑपरेशनची थोडीही भीती नाही म्हणणारी माणसं फारशी नसतात, आणि असली तर काळजी वाटते. घरातलं कोणी जबरदस्ती करतंय का, हे खात्रीने कळेपर्यंत पुढे जायचं नाही, असं ठरलं. "तुमच्याच भल्यासाठी असतं हो ते. तुम्हाला नाही म्हणायची वाट मोकळी राहावी म्हणून."

मास्तरांना वाटलं, जमीन दुभंगावी. सगळ्या गावाला पास करणारा माणूस, आणि त्याने आपल्या सख्ख्या बहिणीला पढवून पढवून नापास केलं होतं. स्वतःच्या जिवासकट.

"मी पढवलं," ते म्हणाले. "मीच. मला वाटलं परीक्षा आहे." आणि मग एकदम त्यांचा आवाज चढला. "पण मला परीक्षा का वाटली, बाई? कारण तुम्ही रूटीन म्हणालात! 'घाबरत असाल तर घाबरते म्हणा, आम्हाला खरं हवंय,' एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर मी पट्टी कशाला आपटली असती? आमचा तो खडूस परीक्षक! शंकू पाडला की खिडकीतून डोकं काढून जागच्या जागी सांगतो, इथे चुकलास, सुधारून परत ये. नापास झालेला माणूस शिव्या घालत जातो, पण का ते घेऊन जातो. आणि इथे? माझी बहीण मीठ सोडून बसलीय! मी तिला फसवी समजत होतो! आणि ती मला! त्या सायकलवाल्याचं काय झालं असतं?"

"कोण सायकलवाला?" बाई गोंधळल्या.

"बस खाली, ढब्बू," ताई म्हणाली. "तुला परत चक्कर येईल." मग बाईंकडे वळली. "तुमचे मनाचे डॉक्टर आहेत आत?"

"आहेत, पण आज वेळ दिलेली नाही—"

"दार उघडं दिसतंय. मी जाते."

मास्तर सवयीने मागे निघाले. ताईने हाताने अडवलं. "तू नाही. आता माझं मी बोलते."

दार बंद झालं. मास्तर बाहेरच्या लोखंडी खुर्चीत बसले. आतलं नीट ऐकू येत नव्हतं. एकदा ताईचा आवाज चढल्यासारखा वाटला, एकदा ती हसल्यासारखी वाटली. मास्तरांच्या लक्षात आलं की त्यांचा पाय फरशीवर घट्ट दाबलेला आहे, तिथे नसलेल्या ब्रेकवर. त्यांनी तो मुद्दाम उचलला. थोड्या वेळाने बघितलं तर परत तिथेच.

ताई बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कागदी रुमाल होता. नाक लाल.

"काय म्हणाले?"

"ते काय म्हणाले ते राहू दे. मी काय म्हणाले ते विचार."

"काय म्हणालीस?"

"म्हणाले, भीती वाटते. भूल दिल्यावर उठलेच नाही तर, अशी वाटते. उठले आणि याला माझी किडनी मानवलीच नाही तर, अशी त्याहून जास्त वाटते. आणि सगळं नीट झालं तर हा गाढव जन्मभर माझ्याशी 'ये, बस' असं बोलेल, त्याची सगळ्यात जास्त." तिने नाक पुसलं. "मग त्यांनी विचारलं, इतकी भीती वाटते तर थांबायचंय का. मी म्हणाले, नाही. द्यायचीय. दोन्ही खरं आहे, लिहून घ्या."

"अडखळलीस?"

"सारखी. रडलेसुद्धा."

मास्तरांना काहीतरी बोलायचं होतं. ज्या दिवशी ती गाळ्यात येऊन उभी राहिली त्याच दिवशी बोलायला हवं होतं ते. त्यांनी तोंड उघडलं.

"ताई," ते म्हणाले. "तू देशील का मला?"

ताईने त्यांचा कान धरला, चांगला पिळला. "आता विचारतोस होय, मेल्या? देते."

तेवढ्यात को-ऑर्डिनेटर बाई लगबगीने बाहेर आल्या. चेहऱ्यावर तेच ओळखीचं हसू. "झालं हं. डॉक्टर त्यांचं मत नव्याने समितीला देतील. मग आम्ही तुम्हाला कळवू."

ताईने रुमालाचा बोळा करून पिशवीत टाकला. पिशवी खुर्चीवर ठेवली आणि तिच्या शेजारी आपण बसली. मास्तरांना हाताला धरून पलीकडे बसवलं. काउंटरवरची मुलगी पडद्यावरून वर बघू लागली. रांगेतले दोघं-तिघं मागे वळले.

"कळवू नाही," ताई म्हणाली. "कळवू आम्ही खूप ऐकलं. माझा भाऊ गाडीत डोळे मिटून बसला होता तेव्हाही तुमचं कळवायचंच चाललं होतं. हो असेल तर हो सांगा, नाही असेल तर नाही आणि का ते सांगा. पण कोणत्या दिवशी सांगणार आणि तुमच्यातलं कोण सांगणार, ते मला इथे, याच्यासमोर, आत्ता हवंय. मी बसलेय. बोला, कोण सांगणार?"